प्रवाळाची जागल

अकोट हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव समुद्रापासून सरळ रेषेत मोजले तरी चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्याच्या उत्तरेस सातपुड्याची मेळघाटाकडील रांग आणि तिच्यावरचा नरनाळा किल्ला आहे, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आहे, आणि मधल्या काळ्या जमिनीत कापूस, तूर, हरभरा, संत्री, केळी अशी पिके निघतात. खारपाणपट्ट्यातील विहिरींना खारे पाणी लागत असले तरी त्या पाण्यात समुद्राचे जीव नाहीत, आणि येथील माणसाच्या ओळखीचा खेकडा म्हणजे पोपटखेड-शहानूरकडच्या ओढ्यांत दगडाखाली किंवा शेताच्या बांधातील बिळात राहणारा, पूर्णपणे गोड्या पाण्याचा खेकडा. या खेकड्याची मादी अंडी आणि त्यांतून थेट निघालेले चिमुकले खेकडे पोटाखालच्या झडपेत सांभाळते. समुद्री खेकड्यांची गोष्ट वेगळी असते, त्यांच्या अंड्यांतून डिंभ बाहेर पडतात, म्हणजे आईबापांसारखी मुळीच न दिसणारी तरंगती पिले, आणि ती आठवडेच्या आठवडे उघड्या पाण्यात वाहत राहतात. एका वंशाने समुद्राशी असलेले नाते असे तोडून टाकले आणि दुसऱ्याने ते राखले, एवढे ध्यानात ठेवून अकोटहून प्रवाळाकडे निघालेल्या प्रवाशाला पुढचे बरेचसे समजायला सोपे जाते.

प्रवासाचे ठिकाण ठरवतानाच पहिली अडचण येते. महाराष्ट्राला प्रवाळ आहेत, आणि ते पाहण्यासाठी राज्याबाहेर जाण्याचे कारण नाही, असा समज मालवणच्या पर्यटनामुळे रूढ झाला आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर जिवंत प्रवाळ खरोखरच आढळतात. पण पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ, गढूळ पाणी आणि लाटांचा मारा सोसू शकणारे, खडकासारखे गोल किंवा खडकाला पापुद्र्यासारखे चिकटून वाढणारे प्रकारच तेथे प्रामुख्याने टिकतात. विजयदुर्गापासून शंभरहून अधिक किलोमीटर आत समुद्रात असलेला आंग्रिया बँक हा कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा बुडालेला पठारी भाग प्रवाळांनी समृद्ध आहे, मात्र त्याचा सर्वांत उथळ माथाही पृष्ठभागापासून सुमारे २० मीटर खाली असल्यामुळे प्रशिक्षित पाणबुड्यांखेरीज कोणाला तेथे जाता येत नाही. झुडपासारख्या फांद्या फुटणारे प्रवाळ, आणि त्या फांद्यांत घर करून राहणारे छोटे कवचधारी प्राणी, सामान्य माणसाला तोंडावर मुखवटा आणि नळी लावून पाहायचे असतील तर लक्षद्वीप किंवा अंदमान गाठावे लागते. लक्षद्वीपला प्रवेशपरवान्याचे सोपस्कार असतात. अंदमानला सेल्युलर जेल आहे, आणि ज्या कोठड्यांत विनायक दामोदर सावरकर १९११ ते १९२१ या काळात बंदिवान होते त्या पाहण्यासाठी वऱ्हाडातून सहली नित्यनेमाने निघत असल्यामुळे ही वाट मळलेली आहे.

अकोटहून अकोल्यापर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटर अंतर एसटीने किंवा रेल्वेने संपते. ही रेल्वे एकेकाळी अकोट ओलांडून मेळघाटच्या जंगलातून खंडव्यापर्यंत मीटरगेजवर धावत असे. आता रुंद झालेला मार्ग अकोटपर्यंत आहे आणि जंगलातल्या पुढच्या टप्प्यावरून वाघ महत्त्वाचे की गाडी असा वाद बरीच वर्षे गाजला. अकोला हे मुंबई-नागपूर-हावडा या मुख्य मार्गावरचे स्थानक असल्यामुळे तेथून कोलकाता गाडी न बदलता गाठता येते, अंतर जवळजवळ चौदाशे किलोमीटर. कोलकात्याहून पुढे विमान दोन-अडीच तासांत अंदमानात उतरवते, आणि ज्याच्याजवळ वेळ आहे त्याला तीन-चार दिवसांच्या जहाजाचाही पर्याय असतो.

कोलकात्यात थांबण्याला मात्र या विषयापुरते वेगळे कारण आहे. चौरंगी रस्त्यावरील भारतीय संग्रहालय, ज्याची स्थापना १८१४ साली झाली, तेथे आल्फ्रेड आल्कॉक हे शल्यचिकित्सक-निसर्गशास्त्रज्ञ १८९३ पासून अधीक्षक होते. त्यापूर्वी ते ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर वैद्यकीय अधिकारी होते, आणि हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेले होते. खोली मोजत फिरणाऱ्या या जहाजाने बंगालचा उपसागर, अंदमान आणि लक्षद्वीप येथून जो माल वर आणला, त्यातील खेकड्यांचे पद्धतशीर वर्णन आल्कॉक यांनी १८९५ ते १९०० या काळात एशियाटिक सोसायटीच्या बंगालमधील नियतकालिकात लेखमालेच्या रूपाने प्रसिद्ध केले. प्रवाळात राहणाऱ्या खेकड्यांची तोवर विखुरलेली माहिती भारतीय समुद्रापुरती या मालेत एकत्र आली. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ साली याच संग्रहालयाच्या प्राणिविभागातून उभी राहिली. संग्रहालयाच्या दालनात प्रेक्षकांची गर्दी ममीपाशी असते आणि कवचधारी प्राण्यांच्या कपाटांपुढून लोक भराभर पुढे सरकतात, हे तेथे घटकाभर उभे राहिलेल्या कोणाच्याही लक्षात येते. कवचधारी प्राणी म्हणजे ज्यांचे शरीर सांध्यासांध्यांचे असून त्यावर कठीण बाह्यकवच असते आणि वाढताना ज्यांना ते कवच वेळोवेळी टाकून द्यावे लागते असे खेकडे, कोळंब्या, शेवंड, तसेच डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड. कीटकांनी जमिनीवर जी जागा व्यापली आहे ती समुद्रात बव्हंशी यांनी व्यापलेली आहे.

पोर्ट ब्लेअर, ज्याचे अधिकृत नाव २०२४ पासून श्री विजय पुरम असे झाले आहे, तेथील सहलीच्या ठरलेल्या कार्यक्रमात प्रवाळासाठी अर्धा दिवस राखलेला असतो, आणि तो बहुधा नॉर्थ बे येथे जातो. वीस रुपयांच्या जुन्या तांबड्या नोटेच्या मागील बाजूस नारळीच्या झाडांतून दिसणारे दीपगृह हेच नॉर्थ बेचे, त्यामुळे तेथे पोचलेला प्रवासी नोट काढून समोरच्या देखाव्याशी ताडून पाहण्यात रमतो. प्रवाळ नीट पाहायचे असतील तर शहराच्या नैऋत्येस असलेल्या वंडूरच्या धक्क्यावरून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जाणे श्रेयस्कर होय. १५ बेटे आणि भोवतालचा समुद्र मिळून सुमारे २८१ चौरस किलोमीटरांचे हे उद्यान १९८३ साली स्थापन झाले; त्यातील जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे ऋतुमानानुसार आळीपाळीने पर्यटकांसाठी उघडली जातात आणि परवाना आगाऊ काढावा लागतो. धक्क्यावर पिशव्या तपासल्या जातात, प्लास्टिक काढून घेतले जाते, आणि मग बोट खारफुटीच्या किनाऱ्यालगतच्या शांत खाडीतून बाहेर पडून तासाभरात बेटाजवळ येते. जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट अलीकडेच नांगर टाकते आणि तळाला काच बसवलेल्या लहान होड्यांतून माणसे किनाऱ्यावर उतरवली जातात.

काचेच्या होडीतून जे दिसते त्यात रंगीत मासे, काळ्या समुद्रकाकड्या, महाकाय शिंपल्यांचे जांभळे-निळे ओठ आणि प्रवाळांचे माथे असतात. होडीवाला हिंदीत प्रवाळांची नावे सांगत पुढे सरकतो. या सबंध फेरीत एकही खेकडा दाखवला जात नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही, कारण वरून पाहणाऱ्याला फांद्यांच्या आतले काही दिसण्यासारखे नसते. तेवढ्यासाठी पाण्यात उतरून, मीटर-दोन मीटर खोलीवरच्या एकाच झुडपावर पालथे तरंगत, हात-पाय न हलवता आणि कशालाही न शिवता स्थिर राहावे लागते. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांना मेळघाटातील वाघाइतकेच संरक्षण आहे, आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही खिशात घालता येत नाही.

ज्या झुडपाकडे पाहायचे ते बहुतेक वेळा पोसिलोपोरा या वंशाचे असते. वीत-दीड वीत उंचीचा, तपकिरी किंवा गुलाबी छटेचा हा गुच्छ, बोटाएवढ्या जाडीच्या फांद्यांचा, आणि त्या फांद्यांवर सर्वत्र मसांसारखे बारीक उंचवटे असतात. हे सारे दगडी बांधकाम पॉलिप नावाच्या मिलिमीटरभर जिवांनी केलेले असते; प्रत्येक पॉलिप म्हणजे एका टोकाला तोंड आणि तोंडाभोवती शुंडके असलेली मऊ नळी, जी आपल्या बुडाशी चुन्याचा थर साठवत जाते. पॉलिपच्या ऊतींत एकपेशीय शैवाल राहते, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते, म्हणून प्रवाळाचा रंगही त्याचाच आणि वाढीचा वेगही त्याच्याच जिवावर. पॉलिप आपल्या अंगावर सतत श्लेष्मा, म्हणजे चिकट बुळबुळीत स्राव, सोडत असतो. त्यात वरून पडणारा गाळ अडकून वाहून जातो, आणि हाच श्लेष्मा या झुडपातल्या रहिवाशांचे मुख्य अन्न असतो.

फांद्यांच्या बेचक्यात नजर सरावली की पहिल्यांदा दिसतात ते डोळे आणि नांग्या. ट्रॅपेझिया वंशाचा खेकडा अंगठ्याच्या नखापेक्षा फारसा मोठा नसतो. त्याच्या पाठीचे कवच पुढे रुंद आणि मागे निमुळते, समलंब चौकोनाच्या आकाराचे, इतके गुळगुळीत की पाण्यातही चकाकते, आणि शरीराच्या मानाने नांग्या लांब व भक्कम असतात. काही जाती नारिंगी, काही तांबूस ठिपक्यांच्या, काहींच्या पाठीवर जाळीसारख्या रेघा. यांपैकी ट्रॅपेझिया सिमोडोसे या जातीचे वर्णन हर्ब्स्ट यांनी १८०१ सालीच केले होते आणि ती हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत पसरलेली आहे. सावली पडताच खेकडा पळून जात नाही, तो बाजूने सरकत दोन फांद्यांच्या मधल्या फटीत पाठीकडून शिरतो आणि नांग्या बाहेर रोखून धरतो, त्यामुळे पाहणाऱ्याला त्याचे तोंडच समोर येते. हालचाल थांबली की काही क्षणांनी तो पुन्हा बाहेर येऊन कामाला लागतो: पायांच्या टोकांना असलेल्या राठ केसांच्या कुंचल्यांनी तो फांदीवरून श्लेष्मा खरवडतो, पाय तोंडाशी नेतो, पुसून घेतो, आणि पुन्हा खरवडतो. एका झुडपात एका जातीची बहुधा एकच प्रौढ जोडी, एक नर व एक मादी, असते. त्याच जातीचा तिसरा प्रौढ आला तर त्याला हुसकून लावले जाते, मात्र निराळ्या जातीची जोडी त्याच झुडपात चालवून घेतली जाते.

फुकट खाणारा भाडेकरू, असेच या खेकड्यांविषयी दीर्घकाळ मानले जात होते. पॅसिफिकच्या पनामा किनाऱ्यावर पीटर ग्लिन यांनी १९७०च्या दशकात केलेल्या निरीक्षणांनी हे चित्र बदलले. प्रवाळाचा सर्वांत मोठा भक्षक म्हणजे काटेमुकुट तारामासा. ताटाएवढा, अनेक बाहूंचा, विषारी काट्यांनी भरलेला हा प्राणी प्रवाळावर चढतो, आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून त्याच्यावर पसरतो, जागच्या जागी ऊती पचवतो आणि मागे पांढरा सांगाडा ठेवून पुढे सरकतो. हा तारामासा ट्रॅपेझियाच्या झुडपाला टेकला की खेकडे आतून फांद्यांच्या टोकांशी धावत येतात, त्याचे काटे नांगीत धरून हिसके देतात, त्याच्या बाहूंखालचे नळीसारखे मऊ पाय चिमटतात व कातरतात, आणि अंगाला झटके देत त्याला वरखाली ढकलतात. तारामाशाच्या तुलनेत खेकड्याचा आकार नगण्य असतो आणि त्याला मारण्याची ताकद खेकड्यात नसते, तरीही बऱ्याचदा तारामासाच काढता पाय घेतो.

मेळघाटाला लागून असलेल्या अकोट तालुक्यातील शेतकऱ्याला ही कामगिरी समजावून सांगावी लागत नाही. हरभरा घाट्यावर आला किंवा तुरीला शेंग धरली की रानडुकरे आणि रोही रात्री वावरात उतरतात, आणि शेतकरी मचाणावर बसून जागल करतो: डबे बडवतो, हाकारे घालतो, बॅटरीचा झोत टाकतो. जागल करणारा जनावराला मारत नाही, त्याचा पिच्छा पुरवून त्याला नकोसे करतो, आणि हुसकलेला कळप बहुधा राखण नसलेल्या शेजारच्या वावरात शिरतो. प्रवाळभित्तीवरही नेमके हेच घडते, कारण तारामासा उपाशी राहत नाही. तो पहारा नसलेला प्रवाळ शोधतो. ग्लिन यांच्या निरीक्षणातील याहून महत्त्वाचा भाग असा, की पनामात पोसिलोपोराच्या दाट ताटव्यांनी वेढलेले इतर प्रवाळ, ज्यांच्यात स्वतःचे राखणदार नव्हते, तेही वाचत, कारण वाटेवरचा पहारा ओलांडून तारामाशाला आत जाता येत नसे. आणि १९८२-८३च्या एल निनोने पाणी तापून पोसिलोपोराचे हे वेढे मेले, तेव्हा आतले जुने प्रवाळ प्रथमच तारामाशाच्या तावडीत सापडले. राखणीचा लाभ धुऱ्याच्या आत कुठवर पोचतो याची जाणीव, शेतातही आणि समुद्रातही, राखण उठल्यावर होते.

या कामाचा मोबदला प्रवाळ देतो, असे म्हणण्यासही आधार आहे. हवाईमध्ये झालेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की पोसिलोपोराच्या शुंडकांच्या टोकांशी स्निग्ध पदार्थाचे सूक्ष्म गोळे तयार होतात, खेकडे ते खातात, आणि खेकड्यांचे वास्तव्य असले म्हणजे या गोळ्यांची निर्मिती वाढते. शत्रूही केवळ तारामासा नसतो. फ्रेंच पॉलिनेशियातील मोरिया बेटावर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फांदीदार प्रवाळांतून खेकडे काढून टाकले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक प्रवाळ महिनाभराच्या आत मेले आणि ज्यांत खेकडे राहू दिले होते ते जगले. तेथे मारणारा भक्षक नव्हता, वरून साचणारा गाळ होता, आणि खेकडे तो पायांनी झाडून, ढकलून फांद्या मोकळ्या ठेवत होते. पुढील अभ्यासांतून हेही दिसले, की मोठ्या अंगाच्या जाती तारामाशाशी भिडतात तर अगदी लहान जाती प्रवाळ कुरतडणाऱ्या गोगलगायींना आवरतात, म्हणजे एकाच झुडपात निरनिराळ्या आकाराचे खेकडे असणे ही गर्दी नसून कामाची वाटणी आहे. यातील प्रत्येक निष्कर्ष पॅसिफिकमधला आहे हे खरे, आणि अंदमानच्या प्रवाळांवर असे प्रयोग व्हायला हवेत हेही तितकेच खरे; पण यजमान प्रवाळ आणि त्यातील खेकड्यांचा वंश दोन्हीकडे तेच आहेत.

त्याच झुडपात, खेकड्यांच्याच मागे, एक नारिंगी कोळंबी दिसण्याची शक्यता असते, आणि दिसली नाही तरी तिच्या भाऊबंदांचा आवाज कानांवर आल्यावाचून राहत नाही. प्रवाळभित्तीवर पाण्यात कान बुडताच चहूकडून जो अखंड तडतडाट ऐकू येतो, तो मुख्यतः पिस्तूल कोळंबीच्या कुळाचा असतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग ध्वनीवरून काढणाऱ्यांना या तडतडाटाने हैराण केले होते. या कोळंबीची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते आणि ती उघडून, रोखून, एकदम मिटली की पाण्याची चिळकांडी इतक्या वेगाने सुटते की तिच्या मागोमाग दाब घसरून बाष्पाचा बुडबुडा तयार होतो. नांगीचे दोन भाग आपटल्याने आवाज होतो, असा समज होता. नेदरलँड्स आणि जर्मनीतील संशोधकांनी २००० साली अतिवेगवान छायाचित्रणाने दाखवून दिले की आवाज त्या बुडबुड्याच्या कोसळण्याचा असतो, आणि पुढच्याच वर्षी त्यांना असेही आढळले की कोसळताना त्याच्या आतील तापमान क्षणार्धापुरते ५,००० अंशांच्या घरात जाते आणि डोळ्यांना न दिसणारी प्रकाशाची ठिणगी पडते. पोसिलोपोरात राहणारी जात आल्फियस लोटिनी ही होय. तीही जोडीने राहते, श्लेष्मा खाते आणि तारामाशावर नांगीचा वापर करते.

एवढी शस्त्रे घेतलेले दोन भांडखोर प्राणी विताएवढ्या जागेत एकमेकांना कसे सोसतात, हा प्रश्न इटालियन प्राणिशास्त्रज्ञ मार्को वान्नीनी यांनी हाती घेतला आणि १९८५ साली त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. कोळंबी खेकड्यासमोर आली की ती अंगाची विशिष्ट थरथर करते आणि खेकडा तिला ओळखून वाट देतो. म्हणजे कोळंबीने खेकड्याच्या इशाऱ्यांची रीत आत्मसात केलेली आहे. शेजारधर्माचा हा भाग पाण्यात तरंगणाऱ्या प्रवाशालाही पाहता येण्याजोगा आहे, फक्त त्यासाठी एका झुडपावर बराच वेळ काढावा लागतो आणि बोटीची परतीची शिट्टी सहसा त्याआधीच होते.

या सर्वांत विलक्षण जीवनक्रम मात्र अशा एका खेकड्याचा आहे ज्याला पाहता येत नाही, केवळ त्याचे घर पाहता येते. पोसिलोपोराच्या एखाद्या फांदीच्या टोकाशी दोन पसरट, कडेला झालरदार फाटे एकमेकांकडे वाकून जवळजवळ मिटलेले असतात आणि मिटलेल्या कडांवर बारीक छिद्रांची ओळ राहिलेली असते; ही हापालोकार्सिनस या गाठखेकड्याची कोठडी. मादी अगदी लहान असताना वाढत्या फांदीच्या बेचक्यात येऊन बसते, तिच्या श्वसनाचा प्रवाह सतत त्या जागेवरून वाहत राहतो, आणि त्या प्रवाहाला अनुसरून प्रवाळाची वाढ तिच्याभोवती वळत जाऊन शेवटी तिला बंद करते. त्यानंतर ती बाहेर येऊ शकत नाही. पूर्ण वाढलेली मादी काही मिलिमीटरांचीच असते, छिद्रांतून आत येणाऱ्या पाण्यावर तिचे पोट भरते, आणि नर, जो तिच्याहूनही कितीतरी लहान असतो, तो मोकळा फिरतो व त्याच छिद्रांतून आत येतो. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ विल्यम स्टिम्पसन यांनी १८५९ साली या प्राण्याचे वर्णन केले, तेव्हापासून मादी कैदी की घरधनीण यावर लिहिणाऱ्यांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे मते दिली आहेत. सेल्युलर जेल पाहून आलेल्या मराठी प्रवाशाला पहिला शब्द सुचणे साहजिक आहे, परंतु तो येथे लागू पडत नाही. भिंत तिच्याच श्वासाने उभी राहिलेली आहे आणि ती भिंतच तिला माशांपासून वाचवते.

पोसिलोपोरापेक्षा बारीक, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांच्या अक्रोपोरा प्रवाळात ट्रॅपेझियाची जागा टेट्रालिया हे त्याहून लहान खेकडे घेतात, आणि कोरॅलिओकारिस वंशाच्या काचेसारख्या पारदर्शक कोळंब्या तेथे राहतात, ज्यांच्या अंगावरची एखादी रेघ किंवा ठिपकाच प्रथम नजरेस येतो. प्रवाळाच्या आतल्या पोकळीत राहणारे कोपेपॉड तर सूक्ष्मदर्शकाचे विषय आहेत आणि प्रवासवर्णनात त्यांचा नुसता उल्लेख पुरे.

अंदमानच्या प्रवाळांवर गेल्या पाव शतकात दोन मोठी संकटे आली. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपाने बेटांची साखळी कलली. उत्तर अंदमानच्या पश्चिम बाजूचे किनारे मीटरभराहून अधिक वर उचलले गेले आणि तेथील प्रवाळ ओहोटीच्या रेषेवर उघडे पडून वाळले, तर दक्षिणेकडे ग्रेट निकोबारमधील इंदिरा पॉइंट चार मीटरांहून अधिक खाली खचला. दुसरे संकट २०१०च्या उन्हाळ्यातले. पाणी नेहमीपेक्षा काही आठवडे उष्ण राहिले की पॉलिप आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो, त्याचा रंग जातो आणि पारदर्शक ऊतीतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. याला विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उष्णता ओसरली तर तो सावरतो, पण तोवर त्याची उपासमार चालू असते, आणि त्या वर्षी अंदमानात ती फार मोठ्या प्रमाणावर मृत्यूपर्यंत गेली. फांदीदार प्रकार उष्णतेला लवकर बळी पडतात आणि गोल, खडकासारखे प्रकार तुलनेने तग धरतात, म्हणून जॉली बॉयच्या काचेच्या होडीतून दिसणारे मोडक्या फांद्यांचे करडे ढीग आणि त्यांच्यामध्ये शाबूत राहिलेले गोळे, हे दृश्य पाहणाऱ्याने भित्ती मूळची अशीच होती असे समजू नये. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सागरी व वातावरणीय संस्थेने जगभर पसरलेल्या विरंजनाची चौथी लाट जाहीर केली.

या काळात झुडपातल्या राखणदारांचे काय होते, याविषयी ट्रॅपेझिया सिमोडोसेवर ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केलेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. विरंजित प्रवाळावर राहिलेल्या माद्यांची अंडी कमी झाली आणि काही खेकडे निरोगी झुडपाच्या शोधात बाहेर पडले. हे बाहेर पडणे सोपे नाही, कारण उघड्यावर आलेला नखाएवढा खेकडा माशांचा घास असतो, आणि जे झुडूप अजून निरोगी आहे त्यात बहुधा त्याच जातीची जोडी आधीपासून ठाण मांडून असते. भित्तीचे आरोग्य मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत तळाचा किती भाग जिवंत प्रवाळाने व्यापला आहे आणि मासे किती आहेत हे पाहिले जाते. झुडपांत राखणदार आहेत की नाहीत याची नोंद क्वचितच होते, त्यामुळे दोन भित्ती आकड्यांत सारख्या दिसूनही एक राखलेली व दुसरी उघडी असू शकते. प्रवाळाची रोपे लावून भित्ती पुन्हा उभी करण्याचे जे प्रयत्न ठिकठिकाणी चालतात, त्यांत फांदी चिकटवताना तिच्यातला खेकडाही सोबत नेला पाहिजे, ही सूचना मोरियाच्या प्रयोगानंतर अगदी साधी वाटावी अशी आहे.

खेकडा सोबत नेला नाही तर उरतो तो डिंभांचा भरवसा. मादीने सोडलेले डिंभ काही आठवडे प्रवाहांबरोबर वाहतात, कात टाकत रूप बदलतात, आणि अखेरच्या अवस्थेत त्यांना जिवंत, योग्य जातीच्या प्रवाळाची फांदी सापडावी लागते. शैवालाने माखलेल्या मेलेल्या सांगाड्यावर त्यांचा निभाव लागत नाही. सातपुड्याच्या ओढ्यातला खेकडा आपली पिले आपल्याच ओढ्यात सोडतो, म्हणून त्याचे भवितव्य त्या एका ओढ्यापुरते बांधलेले असते. ट्रॅपेझियाच्या पिलांची सोय मात्र त्यांच्या आईबापांनी राखलेल्या झुडपात होईलच असे नाही. ती कोणत्या बेटाजवळ, कोणाच्या राखणीत वाढलेल्या फांदीवर उतरतील हे मोसमी वाऱ्यांनी फिरणाऱ्या अंदमानच्या समुद्रप्रवाहांवर ठरते.